कमी रनिंगची २००५ की भरपूर फिरलेली २००९?

प्रश्न: माझं वय ५३. मुलगी मार्गी लागली, कर्जं फिटली. मोटरसायकलवरून दोघांनी लांबलांब फिरायचं, असं मी आणि माझ्या पत्नीनं फार वर्षांपासून ठरवून ठेवलंय. नवी टूरिंग बाइक आवाक्याबाहेरची आहे, म्हणून जुनी शोधतोय. पुष्कळ गाड्या पाहून झाल्यावर दोनच उरल्या. दोन्ही बीएमडब्ल्यू आर १२०० आरटी. पहिली २००५ ची, फक्त १८ हजार किलोमीटर झालेली, एकाच मालकाची, अंगावर ओरखडासुद्धा नाही. दुसरी २००९ ची, ८८ हजार किलोमीटर, दोन मालक, उजव्या साइड बॉक्सवर घासल्याची खूण, पण सोबत बिलांची जाडजूड फाइल आहे. किंमत जवळपास सारखीच. मला पहिली सोडवत नाही. मित्र म्हणतो, १८ हजार म्हणजे गाडी अजून मोकळीसुद्धा झालेली नाही, डोळे झाकून घे. पत्नी म्हणते, जिचा इतिहास कागदावर आहे ती घ्या. अमुक वर्षाची गाडी चांगली, तमुक वर्षाची टाळावी, असं खरंच काही असतं का? आणि या दोघींतली कुठली घेऊ?

उत्तर: आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. २००९ ची घ्या. पुढे सांगतो त्या तपासण्यांत ती उतरली तर घ्या, नाही उतरली तर दोन्ही सोडा आणि आणखी चार महिने थांबा. वहिनींचं म्हणणं बरोबर आहे.

तुमचं मन पहिलीकडे का ओढ घेतंय हे मला चांगलं कळतं. गाडी बघायला गेलो की आपली नजर आधी मीटरवर जाते. आकडा लहान दिसला की बाकीच्या शंका तिथंच विरतात. पण मीटर मोजतं ते फक्त लोखंडाचं वय. पिस्टन, गिअर, कॅम, बेअरिंग हे भाग किलोमीटरनं झिजतात, आणि टूरिंग बाइकची इंजिनं या बाबतीत दणकट असतात. मोठी क्षमता, कमी आरपीएम, लांब पल्ल्याची एकसलग धाव. अशा धावेत इंजिन नीट तापतं, आतली वाफ उडून जाते, तेल सगळीकडे पोचतं. नीट सांभाळलेल्या आरटीच्या इंजिनाला ८८ हजार किलोमीटर म्हणजे काही म्हातारपण नव्हे.

रबराचं आणि द्रवांचं वय मात्र मीटर मोजत नाही. ब्रेकचे होज म्हणजे रबरी नळ्या, फोर्कची सील, इनटेकचे रबर, टायर हे सगळं उभ्या गाडीतही म्हातारं होत जातं, कधीकधी चालत्या गाडीपेक्षा लवकर. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते पाणी आत बसून पिस्टनला, व्हॉल्व्हला गंज चढवतं. टाकीत पेट्रोल पडून राहिलं की त्याचा चिकट थर जमतो. त्यात महिन्यातून एकदा ‘बॅटरी उतरू नये म्हणून’ दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवणारा मालक असेल, तर इंजिन पुरतं तापतही नाही आणि वाफेचं पाणी तेलात उतरत राहतं. सेवा समजून केलेलं ते नुकसानच. २००५ पासून आजवर १८ हजार म्हणजे वर्षाला हजारभर किलोमीटर. ती गाडी चालली कमी, उभी जास्त राहिली.

हे मी अनुभवानं शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशीच एक बारा वर्षांची, नऊ हजार किलोमीटर झालेली टूरिंग बाइक घेतली होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता, तिला उभं करून ठेवणाऱ्याचा होता आणि न तपासता घेणाऱ्याचा. तिसऱ्या दिवशी घाट उतरताना गाडी कुणी मागून धरून ठेवल्यासारखी जड वाटू लागली. थांबून पाहिलं तर पुढच्या डिस्कला निळसर झाक चढलेली आणि पॅड जळल्याचा वास. लिव्हर सोडली तरी ब्रेक सुटत नव्हता. जवळच्या गावातल्या मेकॅनिकनं होज काढला, ब्लेडनं मधोमध कापला आणि माझ्या तळहातावर ठेवला. बाहेरून रबर नव्यासारखं काळंभोर. आतून मात्र ते इतकं फुगलं होतं की भोक सुईएवढं उरलेलं. लिव्हर दाबली की जोरावर फ्लुइड पलीकडे जायचं, पण परत यायला वाट नव्हती. तो होजचा तुकडा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. कुणी ‘कमी रनिंगची मिळतेय’ म्हणालं की मी तो काढून हातात देतो.

आता वर्षाबद्दल. होय, वर्षानं फरक पडतो, आणि तुमच्या बाबतीत तर तो फार मोठा आहे.

आर १२०० आरटी हे मॉडेल २००५ साली आलं. २०१० मध्ये तिला दोन कॅमचं हेड मिळालं, २०१४ मध्ये पाण्यानं थंड होणारं नवं इंजिन आलं आणि २०१९ पासून ती आर १२५० आरटी झाली. म्हणजे तुम्ही पाहिलेली पहिली गाडी या पिढीच्या पहिल्याच वर्षाची आणि दुसरी त्याच इंजिनाच्या शेवटच्या वर्षाची. मधल्या वर्षांत बाहेरून फारसं काही बदललं नाही, म्हणून फोटोत दोघी जुळ्या बहिणी दिसतात. आत मात्र ब्रेकची सगळी यंत्रणा बदलली.

सुरुवातीच्या आरटीला सर्वो असलेली इंटिग्रल एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, होती. सर्वो म्हणजे लिव्हर तुम्ही दाबता, पण पॅडवरचा खरा जोर एक विजेचा पंप लावतो. ओळखायला सोपं आहे. चावी फिरवा, इंजिन चालू करू नका, आणि पुढची ब्रेक लिव्हर हलकेच दाबा. टाकीखालून ‘घूंऽऽ’ असा बारीक मोटरचा आवाज येईल, सोडली की थांबेल. तो सर्वो. आता चावी बंद करून गाडी हातानं दोन पावलं ढकला आणि तोच ब्रेक लावून पाहा. किती जोर लावावा लागतो ते बोटांना कळेल. पंप बंद पडला किंवा वीज गेली तर उताराच्या रस्त्यावर, दोघांच्या वजनासकट आणि भरलेल्या बॉक्सांसकट, तेवढाच ब्रेक हातात उरतो.

यंत्रणा उत्तम स्थितीत असेल तेव्हा हा ब्रेक जबरदस्त आहे, हे मान्य करायला हवं. पण त्यात फ्लुइडची दोन वेगळी वर्तुळं आहेत. एक लिव्हरपासून पंपापर्यंत आणि दुसरं पंपापासून चाकापर्यंत. दुसऱ्याच्या कुप्या टाकीखाली दडलेल्या असतात, त्यामुळे हँडलवरच्या कुपीतलं फ्लुइड बदलून ‘ब्रेक ऑइल केलं’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. आतलं जुनं फ्लुइड तसंच राहतं. एकदा का ते युनिट गेलं की खर्च एवढा येतो की इतक्या जुन्या गाडीवर तो करायला हात धजत नाही. बीएमडब्ल्यूनं स्वतःच हा सर्वो सोडून दिला आणि २००७ च्या मॉडेलपासून साध्या दाबाची, हलकी एबीएस दिली. २००९ च्या गाडीत तीच आहे. माझ्या दृष्टीनं निकाल इथंच लागतो. तुम्ही एकटे जवळपास फिरणारे असतात, हौस म्हणून जुनी गाडी सांभाळणारे असतात, तर वेगळं बोललो असतो. तुमच्या मागे वहिनी बसणार आहेत.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढे दुसरी एखादी आरटी बघायची वेळ आली तर उपयोगी पडेल. मॉडेल वर्ष, बनल्याची तारीख आणि नोंदणीचं वर्ष या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नवं मॉडेल बहुधा आदल्या वर्षाच्या उत्तरार्धातच बनू लागतं, आणि जुन्या मॉडेलची न विकली गेलेली गाडी शोरूममध्ये वर्षभर पडून मग नोंदवली जाते. म्हणजे कागदावर २००७ लिहिलेली आरटी सर्वोवालीही असू शकते. चेसिस नंबर कंपनीच्या अधिकृत डीलरला दिला की बनल्याची नेमकी तारीख कळते, आणि कुठले रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीनं गाड्या परत बोलावणं) त्या गाडीवर झाले, कुठले राहिले तेही कळतं. हे काम गाडी बघायला जाण्याच्या आधीच करायचं. विकणारा चेसिस नंबर द्यायला कां-कूं करत असेल तर जाऊच नका.

पहिल्या वर्षांच्या आरटीत आणखीही दुखणी होती. चावीतली चिप वाचणारी इग्निशनभोवतीची रिंग अचानक दगा द्यायची, मग डिस्प्लेवर ‘ईडब्ल्यूएस’ अशी अक्षरं येत आणि गाडी जागची हलत नसे. मागच्या चाकाजवळच्या फायनल ड्राइव्हमधलं, म्हणजे शाफ्टचा जोर चाकाला देणाऱ्या गिअरच्या पेटीतलं, तेल आधी ‘आयुष्यभराचं’ म्हणून भरलं गेलं, मग अनुभव आल्यावर ते बदलण्याचं वेळापत्रक आलं. ज्या गाडीला ते नवं वेळापत्रक कधी लागूच झालं नाही, तिच्यात आजही कारखान्यातलं तेल असू शकतं. १८ हजारवाल्या गाडीच्या बाबतीत ही शक्यता मला बरीच मोठी वाटते. फारशी न चाललेली गाडी सर्व्हिसला नेतोय कोण?

२००९ ची निर्दोष आहे असं मात्र समजू नका. पेट्रोल पंपाचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर टाकीच्या वर एका खोबणीत बसतो आणि तिथं पाणी साचून तो खराब झाल्याची उदाहरणं या पिढीत सगळीकडे आहेत. टाकीतलं पेट्रोल मोजणारी पट्टी बिघडून काटा खोटं बोलू लागतो. मागचं चाक ज्यावर बसतं ती अॅल्युमिनियमची फ्लँज बोल्ट जास्त आवळले गेले तर तडकू शकते, म्हणून २०१५ मध्ये कंपनीनं या काळातल्या गाड्या परत बोलावून तिथं पोलादी फ्लँज बसवून दिली. हा रिकॉल तुमच्या गाडीवर झालाय की नाही, ते डीलरकडून लेखी घ्या. चाक निसटण्याशी ज्याचा संबंध आहे, तिथं तोंडी शब्दावर विसंबायचं नाही.

तुम्ही विचारलंय की वर्षाचा असा काही नियम असतो का. जाणकार मंडळींत एक अडाखा चालतो. कुठल्याही नव्या मॉडेलचं पहिलं वर्ष टाळावं आणि पिढीच्या शेवटच्या वर्षांतली गाडी घ्यावी. अडाखा चांगला आहे. आरटीनंच तो पुन्हा खरा केला. २०१४ साली नवी, पाण्यानं थंड होणारी आरटी बाजारात आली आणि त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीनं मालकांना गाडी चालवूच नका असं कळवलं. विजेवर बदलणाऱ्या सस्पेन्शनच्या मागच्या शॉकचा दांडा मोडण्याचा धोका होता. पुढे शॉक बदलून दिले गेले आणि तेव्हापासून त्या गाड्या व्यवस्थित चालताहेत. म्हणजे आज २०१४ ची गाडी समोर आली तर वर्ष बघून ती नाकारायची गरज नाही, शॉक बदलल्याची नोंद मागायची.

पण पहिलं-शेवटचं एवढ्यानं सगळं भागत नाही. खरा बदल पुष्कळदा पिढीच्या मध्येच, गाजावाजा न करता होतो. होंडाची एसटी ११०० घ्या. १९९० ते २००२ अशी ती बारा वर्षं चालली आणि तिच्या इंजिनाचं आयुष्य पाहून आजही लोक थक्क होतात. पण सुरुवातीच्या गाड्यांत २८ अँपिअरचा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) होता, तो जळायचा, आणि बदलायला गाडीचा मागचा बराच भाग उतरवावा लागायचा. १९९६ पासून ४० अँपिअरचा, हवेनं थंड होणारा आला आणि तक्रार मिटली. तसंच हार्लेच्या मोठ्या टूरिंग गाड्यांचं. १९९९ ला आलेल्या ट्विन कॅम इंजिनात कॅमची साखळी ताणून धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या गुटक्या स्प्रिंगच्या जोरावर दाबल्या जात. त्या झिजत, त्यांचा चुरा तेलात जाई आणि तेलपंपाचा घात होई. २००७ च्या टूरिंग मॉडेलपासून हायड्रॉलिक ताणणी आली. २००५ ची हार्ले कुणी देऊ केली तर गुटक्या कधी तपासल्या, कधी बदलल्या, एवढं विचारलं की निम्मी परीक्षा झाली. यामाहाच्या एफजेआर १३०० मध्ये सुरुवातीच्या काही वर्षांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या गाइड झिजून इंजिनातून टिकटिक येण्याची तक्रार होती. २००६ ला ती गाडी बरीच सुधारून आली, २०१३ ला क्रूझ कंट्रोल आलं आणि २०१६ ला सहावा गिअर.

होंडाच्याच गोल्डविंगबद्दल वेगळं सांगतो, कारण आरटी जमली नाही तर तुमची पावलं तिकडे वळतील असा माझा अंदाज आहे. सहा सिलिंडरची १५०० १९८८ ला आली आणि २००१ ला तिच्या जागी १८०० आली. पंधराशेच्या टायमिंगला, म्हणजे कॅम फिरवायला, पट्टे आहेत आणि पट्टा म्हणजे रबर, म्हणजे पुन्हा वर्षांचा हिशोब. तो शेवटचा कधी बदलला याची तारीख कागदावर नसेल तर बदललाच नाही असं धरून चालायचं. अठराशेला साखळी आहे, ती चिंता नाही. पण अठराशेच्या पहिल्या काळातल्या काही गाड्यांना फ्रेमच्या वेल्डिंगसाठी रिकॉल होता. शिवाय २०११ मध्ये २००१ ते २०१० च्या गाड्यांना ब्रेकचा दाब पुढे पोचवणाऱ्या दुय्यम मास्टर सिलिंडरसाठी परत बोलावलं गेलं, कारण मागचा ब्रेक आपोआप अडकून तापायचा. तपासायची रीत सोपी आहे. अर्धा तास चालवून आणा, मेन स्टँडवर लावा, मागचं चाक हातानं फिरवा. सहज फिरायला हवं. डिस्कला हात लावू नका, जवळ तळवा नेला तरी धग कळते.

उलट बाजूनं, कावासाकीची जुनी कॉनकोर्स १००० ही १९८६ पासून २००६ पर्यंत जवळजवळ तशीच बनत राहिली. कार्ब्युरेटर, केबल, साधी वायरिंग. तिच्यात कुठलं वर्ष हा प्रश्नच फारसा उरत नाही, समोर उभी असलेली गाडी कशी आहे एवढंच पाहायचं.

आणि काही दुखणी वर्षाच्या नावानं ओळखली जातात, पण मुळात मालकाची असतात. २००८ ते २०११ च्या एबीएसवाल्या हार्ले टूरिंग गाड्या २०१८ ला परत बोलावल्या गेल्या. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलायचं होतं. ज्यांनी वर्षानुवर्षं बदललं नाही, त्यांच्या एबीएस युनिटमधल्या व्हॉल्व्हवर साका चढला आणि लिव्हर दाबूनही ब्रेक लागेनात. त्याच वर्षाची, त्याच कारखान्यातली, पण फ्लुइड वेळच्या वेळी बदललेली गाडी ठणठणीत राहिली. म्हणून मला त्या फाइलचं एवढं महत्त्व वाटतं.

आता २००९ ची गाडी बघायला जाल तेव्हाचं सांगतो. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यागेल्या सिलिंडरच्या बाजूला हात लावा. कोमट लागलं तर थंड इंजिन स्टार्ट होण्याबाबत काहीतरी लपवलं जातंय असं समजा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

फाइल आधी वाचा, गाडी नंतर. घाई करू नका, अर्धा तास लागू द्या. बिलांवरचे किलोमीटर तारखेबरोबर चढत गेलेत का ते पाहा. मध्येच दोन-तीन वर्षांची पोकळी असेल तर त्या काळात गाडी कुठं होती ते विचारा. या इंजिनाच्या टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हमधली फट, दर १० हजारांना तपासायच्या असतात, म्हणजे ८८ हजारांत आठेक नोंदी सापडायला हव्यात. एखाददुसरी हुकली तर बिघडत नाही, तीन-चारच असतील तर फाइल नुसतीच जाड आहे. अल्टरनेटरचा पट्टा ६० हजारांना बदलायचा असतो, त्याचं बिल असायलाच हवं. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांत एकदा. फायनल ड्राइव्हचं तेल. पुढच्या मालकाच्या काळातली बिलं आणि आधीच्या मालकाच्या काळातली, दोन्ही तितक्याच निगुतीनं ठेवलीत का, हेही पाहा. पहिला नीट आणि दुसरा निष्काळजी अशी जोडी पुष्कळदा निघते.

मग मागचं चाक. गाडी मेन स्टँडवर घ्या, एक हात टायरच्या वरच्या टोकाला, दुसरा खालच्या टोकाला, आणि एकानं ढकलत दुसऱ्यानं ओढा. ‘टक्’ अशी जाणीव हाताला झाली तर बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. स्विंगआर्म आणि फायनल ड्राइव्ह यांच्यामध्ये घडीघडीचं रबरी आवरण असतं, ते बोटांनी फाकवून चिरा बघा. तिथून पाणी आत गेलं की शाफ्टच्या दात्यांना गंज धरतो. शक्य असेल तर तुमच्या खर्चानं फायनल ड्राइव्हचं तेल काढून घ्या. बोल्टच्या चुंबकावर राखाडी लेप दिसला तर ठीक, ती नेहमीची झीज. चमकणारे तुकडे दिसले, नखाला टोचणारे, तर तिथंच नमस्कार करून निघायचं. फायनल ड्राइव्हवर किंमत कमी करून घ्यायचा मोह टाळा.

क्लच कोरडा आहे आणि हायड्रॉलिकवर चालतो. तेल गळून प्लेटवर आलं तर तो घसरू लागतो. वरच्या गिअरमध्ये, चढावर, एकदम रेस द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र पुढं सरकली नाही, तर क्लच घसरतोय. मल्टिमीटर सोबत न्या. इंजिन बंद असताना बॅटरीला साधारण साडेबारा व्होल्ट, आणि चालू करून तीनेक हजार आरपीएमला १३.५ ते १४.५ हवेत. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा-सात वर्षांच्या टायरवर दोघांनी लांबचा प्रवास करू नये. तोच कोड त्या २००५ च्या गाडीवरही एकदा वाचून या. मला वाटतं, तुमच्या मनातली चलबिचल तिथंच थांबेल.

साइड बॉक्सवरच्या खुणेची फार काळजी करू नका. उभ्याउभ्या कलंडलेल्या गाडीला अशी खूण पडतेच, आणि एवढ्या जड गाड्या कधी ना कधी कलंडतातच. फक्त त्याच बाजूच्या सिलिंडरच्या झाकणावर, हँडलच्या टोकावर आणि पायाच्या खुंटीवर तशाच जुळत्या खुणा आहेत का ते बघा. फक्त बॉक्स घासलाय आणि बाकी सगळं नवं कोरं बसवलंय, तर पडली कुठं आणि बदललं काय याची बिलं फाइलमध्ये शोधा. हँडल सरळ धरून चालवताना गाडी एका बाजूला ओढते का, तेही पाहा.

चालवून बघायला एकटे जाऊ नका, वहिनींना मागे बसवा. ८८ हजार किलोमीटरला मागचा शॉक मूळचाच असेल तर तो थकलेला असणार, आणि ते एकट्यानं चालवताना कळत नाही. दोघं बसल्यावर खड्ड्यातून गेलात की गाडी एकदा खाली जाऊन वर यावी आणि स्थिर व्हावी. दोन-तीनदा झुलत राहिली तर शॉक बदलावा लागेल. त्याचा खर्च विचारून घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा. हा खर्च करण्यासारखा आहे. वहिनींचे गुडघे तासाभरानं कसे आहेत, हेही विचारा. अर्ध्या तासाच्या फेरीत ते कळत नाही, म्हणून निदान तासभर तरी चालवायला मिळावी असं आधीच बोलून ठेवा.

व्यवहार झाला तरी लगेच मोठ्या प्रवासाला निघू नका. सगळी तेलं, ब्रेक आणि क्लचचं फ्लुइड, पेट्रोलचा फिल्टर बदला. ब्रेकचे रबरी होज मूळचेच असतील तर तेही बदलून पोलादी जाळीचे घाला. पेट्रोल पंपाच्या कंट्रोलरची खोबण उघडून आत पाणी किंवा हिरवट गंज आहे का ते पाहून घ्या. मग दीड-दोनशे किलोमीटरच्या दोन-तीन फेऱ्या मारा, अशा की गाडी बंद पडली तरी संध्याकाळी घरी परतता येईल. काही उगवायचं असेल तर ते बहुधा या पहिल्या हजारेक किलोमीटरमध्ये उगवतं.

आणि त्या फाइलमध्ये पहिल्या दिवशीच तुमचं एक कोरं पान घाला. तारीख, मीटरचा आकडा, काय बदललं. ते पान वहिनींनी लिहावं असं मला वाटतं, कारण त्या फाइलची किंमत त्यांनाच आधी कळली होती. पाहणीत काही अडलं, चुंबकावर काय दिसतंय ते कळेना झालं, तर त्याचा जवळून फोटो काढा आणि पुन्हा लिहा. मी बघून सांगतो.